सातवी ‘ढ’चे दाखले

‘सातवी ढ’ ही विनोदी मालिका सहाव्या भागानंतर वाहिनीने बंद केली, पण तिच्यातल्या वर्गाचा अभ्यासक्रम पुरा व्हायचा होता, म्हणून मालिकेतल्या बाईंनी वर्ग सोडायला नकार दिला.

त्या मालिकेत मी हशा लावायचो. वर्गात कुणीही वाक्य बोललं की त्याच्या शेवटी माणसं हसल्याचा आवाज सोडायचा, हे माझं काम. हशा तीन मापांत होता: लहान, मध्यम आणि गडगडाटी. शंभर माणसांना एका हॉलमध्ये बसवून, बटाटेवडे खायला घालून, एका दुपारी तो फितीवर भरून घेतला होता. ती माणसं आमची मालिका बघून हसली नव्हती. कशाला हसली होती ते कंपनीत कुणालाच आठवत नव्हतं. माझं नाव हरिश्चंद्र तांडेल. या कामाचा मला अभिमान नाही, पण मशीन मला चांगलं येतं.

मालिका होती शहराच्या मधोमध, भट्टी गल्लीतल्या महापालिका शाळेवर. एक शिक्षिका, सुशीला धिवार, आणि सातवीतली तेवीस मुलं. मुलं गरिबाघरची म्हणून ढ, आणि ढ म्हणून विनोदी, असा लेखकाचा सरळ हिशेब. बाईंनी तळमळीने शिकवायचं, मुलांनी वेंधळी उत्तरं द्यायची आणि मी बटण दाबायचं. लोकांनी सहा आठवडे हे पाहिलं. सातव्या आठवड्यापासून त्या वेळेला पाककृतींचा कार्यक्रम लागला.

मालिका बंद झाली की पात्रांनी जागा रिकामी करायची, अशी करारात एक ओळ असते. आमच्या आधी त्याच जागेत एका एकत्र कुटुंबाची मालिका होती. ती बंद झाली तेव्हा आजोबांपासून तान्ह्या बाळापर्यंत नऊ जण पिशव्या उचलून मागच्या दाराने बाहेर पडले. ते पार्किंगपर्यंत पोहोचले नाहीत. वॉचमनला विचारलं तर तो म्हणाला, “दारातून निघाले ते दिसले, पुढे कुणी दिसलं नाही.” मग जागा झाडून घेतली आणि आमचा फळा लावला. कुणी काही चौकशी केली नाही, मीही केली नाही.

निर्मिती व्यवस्थापक लोटलीकर नोटीस घेऊन वर्गात आले. माणूस तसा वाईट नव्हता, पण रिकामी जागा दिसली की त्यांना फार बरं वाटायचं. बाईंनी चष्मा लावून नोटीस दोनदा वाचली.

“सोमवारपर्यंत खोली मोकळी करायची आहे, बाई.”

“मुलांना कुठे पाठवू?”

“तो आमचा विषय नाही.”

“मग माझा आहे,” बाई म्हणाल्या. “अपूर्णांकांची बेरीज राहिली आहे. भूगोल तर निम्मा राहिलाय. आणि शाळा सोडल्याच्या दाखल्याशिवाय मूल शाळा सोडू शकत नाही. दाखले द्या, मुलं जातील.”

प्रत्येक वाक्यावर मी नियमाप्रमाणे हशा लावत होतो, कारण सेट उभा आहे तोवर मशीन चालू ठेवायचं असं माझ्या करारात होतं. लोटलीकर माझ्याकडे वळले.

“माझ्या वाक्याला कशाला लावतोस?”

“कुणाच्या वाक्याला लावू नये असं कुठे लिहिलेलं नाही, साहेब.”

त्या दोन्ही वाक्यांना मध्यम लागला. लोटलीकरांनी वीज तोडायची धमकी दिली, पण ती तोडता येत नव्हती. शेजारच्या पाककृतींच्या कार्यक्रमाचा ओव्हन त्याच लाइनवर होता आणि त्यात त्या वेळी केक होता.

अशा रीतीने वर्ग चालू राहिला. सुरुवातीला मुलं गप्पच बसली. सकाळी संवादाचे कागद यायचे ते बंद झाले होते, आणि आपल्याला काय म्हणायचं आहे हे त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं. पुस्तकं सेटवरची, म्हणजे वर रंगीत मुखपृष्ठ आणि आत कोरे कागद. बाईंनी ती एकेक करून हाताने लिहून काढली. एका गोष्टीचा मात्र फायदा झाला. भिंतीवरचं घड्याळ रंगवलेलं होतं आणि त्यात कायम अकरा वाजून दहा मिनिटं झालेली असायची. मधली सुट्टी होत नव्हती, शाळा सुटत नव्हती, त्यामुळे चार महिन्यांचा अभ्यास नऊ दिवसांत उरकला.

मुलांत एक ढमी होती. लेखकाने तिला एवढंच नाव दिलं होतं. दुसऱ्या भागात बाईंनी तिला फळ्यापाशी बोलावून विचारलं होतं, दोन छेद तीन अधिक एक छेद चार किती? तिने वरच्यात वरचे मिळवले, खालच्यात खालचे मिळवले आणि सांगितलं, तीन छेद सात. हे उत्तर वाहिनीला इतकं आवडलं की जाहिरातीत ते दिवसातून अकरा वेळा दाखवत. लिहिलं लेखकाने, करवून घेतलं दिग्दर्शकाने, पण त्यावर गडगडाटी लावणारं बोट माझं होतं. मुलीने खाली मान घातली होती आणि मी आवाज आणखी थोडा वाढवला होता. मला त्याची लाज वाटते, आणि ती मी इथे लिहून ठेवतो.

आठव्या दिवशी बाईंनी दाखल्यांचे कोरे नमुने मागवले. मला म्हणाल्या, “तांडेल, तुमचं अक्षर बरं आहे, बसा.” माझं अक्षर बरं नव्हतं, पण मी बसलो. पहिलाच रकाना विद्यार्थ्याचं पूर्ण नाव. वर्गात ढमी होती, बोंबल्या होता, चपटी, मुंगळा आणि दोन जाडे होते. नाव असं कुणालाच नव्हतं.

“आपापलं नाव सांगा,” बाई म्हणाल्या. “नसेल तर आत्ता ठरवा. घाई नाही, पण स्पेलिंग बदलायला नंतर येऊ नका.”

मुंगळा इम्तियाज झाला. बोंबल्याने तीन नावं मागितली, त्यातलं एक मिळालं. ढमी बराच वेळ बाकाची कड खरवडत राहिली आणि मग म्हणाली, “रोहिणी.”

“आईचं नाव?”

“बाई, तुमचं चालंल का?”

“नाही चालणार,” बाई म्हणाल्या. “सगळे तेच म्हणतील. एका बाईला एकाच वयाची तेवीस मुलं दिसली तर शिक्षण खातं विचारेल.” मग त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला, तो स्वच्छच होता. “दुसरं सांग.”

“मग सुमन लिवा.”

मी सुमन लिहिलं. जातीच्या रकान्यात बाईंनी तेवीस दाखल्यांवर तेवीस रेघा मारायला सांगितल्या. “लेखकाने ठरवली नव्हती,” त्या म्हणाल्या, “आपण कशाला ठरवायची?” जन्मतारीख मात्र हवीच होती. ती कुणालाच माहीत नव्हती, म्हणून बाईंनी सगळ्यांची एक जून घातली.

दाखले लिहून झाले. मुख्याध्यापक फक्त पहिल्या भागात होते, नंतर वाहिनीला परवडले नाहीत. त्यामुळे ज्येष्ठ शिक्षिका म्हणून सही बाईंनी केली. आता फक्त शिक्षण खात्याच्या निरीक्षकांची उलटसही राहिली होती. ती कशी मिळवायची या विचारात आम्ही असतानाच लोटलीकरांनी आमचं काम सोपं केलं. त्यांनी स्वतःच खात्याला अर्ज केला, की आमच्या आवारात एक खोटी शाळा भरते, तरी तपासणी करून ती नाही असं लेखी द्यावं.

निरीक्षक उमाकांत बनसोड मंगळवारी आले. खांद्याला कापडी पिशवी, खिशात दोन पेनं. ते वर्गाच्या दारात आले आणि तेवीस मुलं उभी राहिली.

“एक साथ, नमस्ते.”

मध्यम हशा लागला. बनसोडांनी मागे वळून पाहिलं.

“कोण हसतंय?”

“शंभर माणसं, साहेब,” मी मशीनमागून सांगितलं. “पण ती इथे नाहीत.”

“मग ठीक आहे,” ते म्हणाले आणि त्यांनी तपासणीचा तक्ता काढला.

लोटलीकर त्यांच्या पाठोपाठ फिरत होते. “साहेब, खिडकीबाहेर बघा. मैदान रंगवलेलं आहे.”

बनसोडांनी खिडकीबाहेर बघून लिहिलं, मैदान आहे (चित्रित). “माझ्या विभागात नऊ शाळांना तेवढंही नाही,” ते म्हणाले.

“पाण्याचा नळ नकली आहे!”

“पाणी येत नाही?”

“नाही!”

“नळ आहे, पाणी नाही,” बनसोड लिहिता लिहिता म्हणाले. “या रकान्यात मी वर्षानुवर्षं हेच लिहितोय.”

हजेरीपत्रक उघडून ते थांबले. पानामागून पान उलटत गेले. पहिल्या दिवसापासून एकही गैरहजेरी नव्हती. असं हजेरीपत्रक त्यांनी एकतीस वर्षांच्या नोकरीत पाहिलं नव्हतं, असं ते म्हणाले. त्यांनी मुलांना पाहिलं, बाईंना पाहिलं आणि एक मुद्दा काढला.

“तुकडी ‘ढ’ कुठून आली? मंजुरी ‘ड’पर्यंतच आहे.”

“लेखकाने दिली,” बाई म्हणाल्या.

“त्यांना अधिकार नाही. एकच तुकडी असेल तर ‘अ’ लिहायचं.” त्यांनी तेवीस ठिकाणी खोडून ‘अ’ लिहिलं आणि प्रत्येक खोडाखोडीवर सही केली.

लोटलीकरांना घाम फुटला. त्यांनी दाखल्यांचा गठ्ठा उचलला, चाळला आणि ते एकदम खूश झाले. “साहेब, हे बघा! तेवीसच्या तेवीस मुलांची जन्मतारीख एकच! एक जून! खऱ्या शाळेत असं असतं का कुठे?”

बनसोडांनी पेन खाली ठेवलं.

“माझी जन्मतारीख काय आहे माहीत आहे?”

“नाही.”

“एक जून. माझ्या बायकोची एक जून. मेहुण्याची एक जून. आमच्या गावच्या गुरुजींनी अख्ख्या वाडीला एक जूनला जन्माला घातलं, कारण आमच्या आयांना तारीख सांगता येत नव्हती आणि शाळा त्याच महिन्यात सुरू व्हायची.” ते बाईंकडे वळले. “ही शाळा खरी आहे. आता मुलांना काही येतं का तेवढं बघायचं. येत नसेल तर सही होणार नाही, हे आधीच सांगतो.”

म्हणजे सगळं आता मुलांच्या उत्तरांवर आलं. सही नाही तर दाखला नाही, आणि दाखला नाही तर त्या एकत्र कुटुंबाची वाट. वर्गाला ते ठाऊक होतं. कुणी पाय हलवत नव्हतं.

बनसोडांनी पटावरचं शेवटचं नाव वाचलं. रोहिणी उभी राहिली.

“दोन छेद तीन अधिक एक छेद चार?”

लोटलीकर हळूच माझ्या मशीनपाशी येऊन उभे राहिले. या मुलीचं या प्रश्नाचं उत्तर सगळ्या शहराने ऐकलं होतं. रोहिणीने ओठ चावला, फळ्याकडे पाहिलं नाही, बाईंकडेही पाहिलं नाही.

“अकरा छेद बारा, सर.”

आणि माझं बोट पडलं. मला दोष द्यायचा तर द्या, बोटाला सवय झाली होती. गडगडाटी हशा असा लागला की ‘अकरा’पुढचं काही ऐकूच आलं नाही.

“उत्तर ऐकू आलं नाही,” बनसोड म्हणाले. “पुन्हा सांग.”

मी हात मागे घेतला. तेव्हा लोटलीकरांनी स्वतः बटण दाबलं.

“अकरा छेद बारा, सर.”

हशा. तिने हशा थांबेपर्यंत वाट पाहिली. आजवर मुलं हशात खाली बघत. ही समोर बघत होती, थेट मशीनकडे, जिथून ती शंभर माणसं बटाटेवड्यांच्या जोरावर हसत होती त्या डब्याकडे.

“अकरा छेद बारा, सर.”

हशा.

“ऐकू आलं नाही.”

त्यालाही हशा. बनसोडांच्या हातातलं पेन तक्त्याच्या वर तसंच धरलेलं होतं. न ऐकलेल्या उत्तराला गुण देता येत नाहीत, हा नियम होता आणि तो ते मोडणार नव्हते. बाई टेबलाशी ताठ उभ्या होत्या. मला वाटलं त्या मध्ये पडतील, ओरडतील, पण त्या फक्त उभ्या राहिल्या आणि रोहिणी बोलत राहिली. सातव्यांदा बोलली. दहाव्यांदा बोलली. तिचा आवाज चिरकला, मग परत जागेवर आला. लोटलीकरांचं बोट बटणावरच होतं आणि त्यांचा चेहरा लाल झाला होता.

सतराव्या वेळी फीत संपली. चक्राच्या टोकाशी ती फडफड फडफड वाजत राहिली.

“गुंडाळ,” लोटलीकर माझ्यावर खेकसले.

“नाही,” मी म्हणालो.

“काय?”

“नाही गुंडाळणार. ज्याला हसायचंय त्याने स्वतःच्या तोंडाने हसावं.”

मागून हशा आला नाही. त्या खोलीत हशाशिवाय बोललं गेलेलं ते पहिलं सबंध वाक्य होतं, आणि ते माझं निघालं याचं मला अजून नवल वाटतं. लोटलीकर वर्गाकडे तोंड करून उभे राहिले. त्यांना स्वतःला हसता आलं नाही.

“अकरा छेद बारा, सर,” रोहिणी म्हणाली.

सगळ्यांनी ऐकलं. शेजारच्या ओव्हनची टिकटिकही ऐकू येत होती.

“रीत सांग.”

“छेद सारखे केले. बारा. वरती आठ आणि तीन. अकरा.”

“बरोबर,” बनसोड म्हणाले आणि त्यांनी लिहिलं. मग बाकीच्या बावीस जणांना विचारलं. इम्तियाजचं भूगोलात एक चुकलं, पण त्या विषयात तेवढी सूट असते.

दाखल्यावर एकच रकाना उरला होता, शाळा सोडण्याचे कारण.

“मालिका बंद,” लोटलीकर लगेच म्हणाले. “तसं लिहा. वस्तुस्थिती आहे.”

“ती तुमची वस्तुस्थिती,” बाई म्हणाल्या. “मुलांची नाही. पुढील शिक्षणासाठी, असं लिहा.”

बनसोडांनी तसं लिहिलं आणि तेवीस सह्या केल्या.

मुलं मागच्या दाराने रांगेने निघाली, प्रत्येकाच्या हातात आपापला दाखला. वॉचमनला मी मोजायला सांगून ठेवलं होतं. तो पार्किंगच्या मधोमध उभा राहून मोठ्याने मोजत होता आणि आम्ही आतून ऐकत होतो. नवापर्यंत आकडा गेला तेव्हा मी श्वास धरला. दहा आलं. अकरा आलं. बावीसपर्यंत सगळे गेटबाहेर गेले आणि रस्त्यापलीकडच्या महापालिका शाळेत आठवीच्या प्रवेशाच्या रांगेत उभे राहिले.

रोहिणी दारात अडखळली. “बाई, तुमी?”

“शिक्षकांना दाखला नसतो,” बाई म्हणाल्या. “तू नीघ. रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघ. आणि तिकडे कुणी ढमी म्हणालं तर ओ देऊ नकोस.”

बाहेरून वॉचमनचा आवाज आला, “तेवीस!” बाईंनी टेबलाची कड घट्ट धरली होती. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

लोटलीकरांनी टाळी वाजवली. दोन सुतार हातोडे घेऊन आत आले, कारण सेट पाडायचा होता. लोटलीकर बनसोडांना म्हणाले, “आता तरी बंद ना, साहेब?”

बनसोडांनी पिशवीतून नियमांचं पुस्तक काढलं. “ज्या शाळेच्या पटावर एकही विद्यार्थी नाही ती बंद समजावी. पटावर एक जरी असेल तर ती चालू ठेवणं बंधनकारक आहे.” त्यांनी रिकामे बाक पाहिले. त्यांनाही ते वाचून दाखवायला आवडलं नव्हतं. “आत्ता पट शून्य आहे.”

बाईंनी खडू उचलून पेटीत ठेवला. पेटीचं झाकण लागत नव्हतं, ते त्यांनी दोनदा दाबलं. त्यांनाही मागचंच दार होतं, आणि त्यांच्यासाठी कुणी काही लिहून ठेवलं नव्हतं.

मी मशीनमागून उठलो आणि पहिल्या बाकावर जाऊन बसलो. गुडघे वर अडकले, कारण बाक सातवीच्या मापाचा होता.

“बाई, माझं नाव घाला.”

“तांडेल, तू कंपनीचा माणूस आहेस!” लोटलीकर ओरडले.

“पाचनंतर नाही, साहेब.”

बनसोडांनी दुसरं पेन काढलं. “आधीची शाळा?”

“सहावीपर्यंत गेलो. मग वडिलांनी होडीवर नेलं.”

“वय?”

“सेहेचाळीस.”

त्यांनी पुस्तक पुढून मागे आणि मागून पुढे चाळलं. किती लहान मूल घेऊ नये ते दिलं होतं. किती मोठं घेऊ नये याबद्दल काही दिलेलं नव्हतं. “घ्यायला हरकत दिसत नाही,” ते म्हणाले. बाईंनी पेटी उघडली, हजेरीपत्रकाचं नवीन पान काढलं आणि माझं नाव लिहिलं. लिहून झाल्यावर त्यांनी मला सरळ बसायला सांगितलं.

सुतारांतला थोरला हातोडा खाली ठेवून डोकं खाजवत होता. “बाई, आमचं पाचवीपर्यंत झालंय,” तो म्हणाला. “जमंल का?”

“जमेल. चपला बाहेर काढा.”

आम्ही यंदा दहावीला आहोत. पट एकतीस आहे. पाककृतींच्या कार्यक्रमातल्या तीन बायका, वॉचमन आणि लेखक, असे बरेच जण नंतर आले. लेखक मराठीत बरा आहे, गणितात मागे बसतो. लोटलीकर दर आठवड्याला जागा रिकामी करण्याची नोटीस आणून देतात. प्रत्येकाच्या नावाची वेगळी, म्हणजे एकतीस कागद, आणि सगळ्यांची मागची बाजू कोरी असते. गणिताला तीच वापरायची, असा बाईंचा नियम आहे. गेल्या महिन्यात दोन आठवडे नोटिसा आल्या नाहीत तेव्हा बाईंनी माझ्याकडून वाहिनीला पत्र लिहून घेतलं, की मुलांचं दहावीचं वर्ष आहे, सरावाला कागद कमी पडतो, तरी नोटिसा नियमित पाठवाव्यात.